बाईंच्या हातात पैसे द्या

शाळेतल्या तंत्रज्ञानाचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एका तटाला वाटतं, वर्गात मोठा पडदा लागला आणि गेटावर ‘स्मार्ट’ असा फलक आला की शाळा सुधारली. दुसऱ्याला पडद्याचं नाव काढलं तरी घाम फुटतो. तो लगेच स्वीडनचा दाखला देतो, की बघा, तिथल्या सरकारनेही 2023 साली पडदे आवरते घेतले आणि छापील पुस्तकांना पैसे दिले. अशात कुणी म्हणालं की तंत्रज्ञान वापरण्यासाठी शिक्षकांनाच थेट अनुदान द्यावं, तर दोन्ही तट क्षणात एक होतात. पहिल्याचा शिक्षकांवर विश्वास नसतो, दुसऱ्याचा तंत्रज्ञानावर. बडोद्यात, आमच्या दांडिया बाजाराकडच्या गप्पांत, यावर एक वाक्य हमखास येतं: ‘सातव्या वेतन आयोगाचा पगार घेतात, वर आणि अनुदान कशाला?’ पगार वेगळा आणि कामाचा खर्च वेगळा, हे बँकेबद्दल बोलताना कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कॅशियरच्या टेबलावरचा संगणक त्याच्या पगारातून आलेला असतो का?

मला अनुदान हवं आहे, पण सध्या ज्याला अनुदान म्हणतात ते नव्हे. सध्या वस्तू येतात. गांधीनगरला किंवा दिल्लीला निविदा निघते, ठेकेदार ठरतो, एक दिवस टेम्पो शाळेच्या दारात उभा राहतो आणि आचार्य, म्हणजे मुख्याध्यापक, पावतीवर सही करतात. माझं म्हणणं असं की या खर्चातला एक ठळक हिस्सा कापावा आणि लहान लहान रकमांत, पाच हजार, दहा हजार, फार तर पंधरा हजार, ज्या शिक्षकांना वर्गात काही करून पाहायचं आहे त्यांच्या हातात द्यावा. काय घ्यायचं ते त्यांनी ठरवावं. फसलं तर फसलं म्हणून लिहून द्यावं आणि त्याबद्दल कुणी जाब विचारू नये.

हे मी हवेत बोलत नाही. याच शहरात यावर एक प्रयोग होऊन गेला आहे, जगभर तो अभ्यासला जातो आणि इथे मात्र तो कुणाच्या फारसा ध्यानात नाही. 2000 साली गुजरात सरकारने बडोद्यातल्या 100 म्युनिसिपल प्राथमिक शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. 2002 मध्ये ‘प्रथम’ या संस्थेने पाहणी केली, तेव्हा फारच थोड्या शाळांत त्यांचा वापर होत होता. मग बव्हंशी याच संगणकांवर चौथीच्या मुलांसाठी गणिताचे खेळ सुरू झाले. एका संगणकावर दोन मुलं, आठवड्याला दोन तास, त्यातला एक तास शाळेच्या वेळेबाहेर. मदतीला वस्तीतलीच, थोडं प्रशिक्षण घेतलेली तरुण मंडळी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकाल मोजले. गणिताच्या गुणांत पहिल्या वर्षी 0.35 आणि दुसऱ्या वर्षी 0.47 स्टँडर्ड डेव्हिएशनची (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेले आहेत त्याचं माप) वाढ दिसली. शिक्षणातल्या प्रयोगांत एवढी उडी क्वचित दिसते. 2007 साली त्यावरचा शोधनिबंध आला, आणि अशाच प्रकारच्या कामासाठी बॅनर्जी-डुफ्लो यांना 2019 चं नोबेल मिळालं. आता यातून काय घ्यायचं? पडदेवाले म्हणतील, बघा, संगणकाने गणित सुधारतं. पण संगणक 2000 पासून शाळेत होतेच की! दोन वर्षं ते धूळ खात पडले तेव्हा गणित का नाही सुधारलं? यंत्र तेच राहिलं. नवीन काय आलं, तर ‘या यंत्राचं मला या मुलांसाठी अमुक करायचं आहे’ असं म्हणणारं माणूस आलं.

त्याच चमूतले ली लिंडन यांनी नंतर गुजरातेतच दुसरा अभ्यास केला, तो 2008 चा. एका स्वयंसेवी संस्थेच्या शाळांत संगणकाचा तास काही ठिकाणी नेहमीच्या शिकवण्याच्या वेळेतून कापून दिला आणि काही ठिकाणी शाळेच्या वेळेबाहेर, वरचा म्हणून दिला. पहिल्या ठिकाणी मुलं चक्क मागे पडली. दुसऱ्या ठिकाणी, विशेषतः कच्च्या मुलांना, फायदा झाला. सॉफ्टवेअर एकच होतं. स्वीडनचा दाखला देणाऱ्यांनी आणि स्मार्ट बोर्डाची फीत कापणाऱ्यांनी, दोघांनीही हा निकाल एकदा शांतपणे वाचावा. वर्गात जिथे शिकवणं बरं चाललं आहे तिथे यंत्र घुसवलं तर नुकसान, आणि जिथे भोक पडलं आहे तिथे ठिगळ म्हणून लावलं तर उपयोग. आता भोक कुठे पडलं आहे हे कुणाला दिसतं? सचिवालयातून दिसतं का?

माझ्या ओळखीच्या एक बाई इथल्या मराठी शाळेत चौथीला शिकवतात. त्यांच्या वर्गात 714 भागिले 7 हे गणित दिलं की निम्म्या वह्यांत उत्तर 12 येतं. सात एके सात. मग एक खाली उतरवला. एकात सात जात नाहीत, म्हणून शून्य न लिहिताच चार उतरवला. चौदा झाले, सात दुणे चौदा. कृती एकदम नीट वाटते आणि उत्तर साफ चुकतं. बाई अशा वहीचा फोटो आपल्या फोनवर काढतात, नावावर अंगठा ठेवून, आणि वर्गातल्या टीव्हीवर लावतात. ‘हे कुठे घसरलं, सांगा.’ मग पोरं भांडतात. एक म्हणते, सातशेतच सात शंभर वेळा जातात, मग सगळे मिळून बाराच कसे? ज्याची वही आहे तोही मोठ्याने चूक शोधत असतो, कारण आपली वही आहे हे त्याला एकट्यालाच ठाऊक. हे सगळं होतं ते फोनपासून टीव्हीपर्यंतच्या एका वायरमुळे आणि फोन आडवा धरून ठेवणाऱ्या एका स्टँडमुळे. दोन्हीला मिळून हजारभर रुपये लागले, ते बाईंनी खिशातून घातले. शेजारच्या वर्गात सरकारी बोर्ड आहे. त्यातल्या सॉफ्टवेअरमध्ये भागाकाराचा धडा आहे, छान रंगीत, त्यात ससा गाजरं वाटतो. ससा कधी शून्य विसरत नाही, हीच अडचण आहे.

आता विरोधकांचं म्हणणं. त्यातलं सगळ्यात वजनदार म्हणणं असं की आधी शिक्षक भरा, मग अनुदानाच्या गोष्टी करा. वर्गावर माणूसच नसेल तर वायर कोण जोडणार? हे खरंच आहे, आणि बडोद्याच्याच प्रयोगाची दुसरी बाजू त्यांच्या बाजूने साक्ष देते. त्याच अभ्यासात ‘बालसखी’ नावाचा कार्यक्रम होता: वस्तीतली एक तरुणी कच्च्या मुलांचा छोटा गट घेऊन रोज दोन तास बसायची. गुणांतली वाढ संगणकापेक्षा कमी, पण खर्चाच्या हिशेबात बालसखी कितीतरी पुढे. शिवाय कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने पाहिलं तर दोन्हींचा फायदा बराचसा ओसरला होता. हे सांगायला कुणाला आवडत नाही, मलाही नाही. तेव्हा रिकाम्या जागा भरणं आणि अनुदान यांतलं एकच निवडायचं असेल तर मी डोळे मिटून जागा भरा म्हणेन. पण खरोखर निवड अशी आहे का? 2016 पासून अटल टिंकरिंग लॅबसाठी, म्हणजे मुलांनी यंत्रांशी खटपट करायच्या प्रयोगशाळेसाठी, एकेका शाळेला पाच वर्षांत मिळून 20 लाखांपर्यंत मिळतात, आणि 2025 च्या अर्थसंकल्पात अशा आणखी 50,000 लॅब जाहीर झाल्या. गुजरातेत 2017 पासून ‘ज्ञानकुंज’ या सरकारी योजनेखाली वर्गावर्गात प्रोजेक्टर आणि बोर्ड बसले. हे पैसे शिक्षक भरतीतून काढलेले नाहीत आणि ते थांबवले म्हणून उद्या शिक्षक भरले जातील असंही नाही. तंत्रज्ञानावर खर्च होणारच आहे. प्रश्न एवढाच उरतो की त्यातला शंभरावा हिस्सा तरी वर्गातल्या माणसाच्या मर्जीने खर्च व्हावा की नाही.

दुसरा आक्षेप थेट माझ्या उदाहरणावरच येतो, आणि तो चोख आहे. बडोद्याच्या प्रयोगात संगणक चालवले ते शाळेबाहेरून आलेल्या तरुणांनी. नेमणुकीवरच्या शिक्षकांनी नव्हे. मग शिक्षकांना पैसे देऊन काय होणार? त्यांच्याकडे संगणक दोन वर्षं होतेच. यावर मी एवढंच विचारतो, त्या शिक्षकांना त्या दोन वर्षांत कुणी सांगितलं होतं का की हे तुमचे आहेत, मोडले तरी चालतील? शाळेत आलेली प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरमध्ये चढते. बदली होताना, निवृत्त होताना, चार्ज देताना ती मोजून द्यावी लागते. हरवली, जळाली, मुलाच्या हातून पडली, तर खुलासा लिहा, प्रसंगी भरपाई करा. ज्याच्या पेन्शनच्या कागदावर एखाद्या हरवलेल्या किटमुळे ‘ना-वांधा’, म्हणजे ना-हरकत दाखला, अडकू शकतो, तो माणूस ते किट मुलांच्या हातात देईल की कपाटाला कुलूप घालेल? 1987 च्या ऑपरेशन ब्लॅकबोर्ड या केंद्राच्या योजनेने खेड्यापाड्यांत विज्ञानाच्या पेट्या, नकाशे, पृथ्वीचे गोल पाठवले. त्यातले किती गोल शेवटपर्यंत प्लास्टिकच्या पिशवीतच राहिले, हे त्या पिढीच्या कुठल्याही गुरुजींना विचारा. आळस हे सोपं उत्तर आहे. पण आळशी माणूस कपाटाची किल्ली इतकी जपून ठेवत नाही.

थेट शिक्षकाच्या हातात पैसे देऊन पाहिले नाहीत असंही नाही. सर्व शिक्षा अभियानात प्रत्येक शिक्षकाला वर्षाला 500 रुपये शैक्षणिक साहित्यासाठी मिळत. कल्पना उत्तम. पण रक्कम वर्षानुवर्षे 500 वरच थिजलेली. महिन्याला 42 रुपयेही नाहीत. त्यातून कार्डशीट, स्केचपेन आणि थर्मोकोल यांच्यापलीकडे काही येत नसे, आणि कितीतरी ठिकाणी तेवढीही निवड उरत नसे. अमुक दुकानातून तमुक तक्ते घ्या असा निरोप वरून यायचा, बिलं एकाच छापाची लागायची. 2018 मध्ये समग्र शिक्षा आली तेव्हा शाळेला एकत्रित अनुदान सुरू झालं, पटाप्रमाणे 25,000 ते 1 लाख. त्यातून झाडू, फिनेल, वीजदुरुस्ती, पाण्याची टाकी, सगळं भागवायचं. शिक्षकाचे म्हणून वेगळे 500 होते ते त्यात विरघळून गेले. ‘अनुदान देऊन पाहिलं, उपयोग झाला नाही’ असं जे आता सांगतात, त्यांनी नेमकं काय देऊन पाहिलं? आणि त्याच काळात शिक्षकाच्या खासगी फोनवरून ऑनलाइन हजेरी, कार्यक्रमांचे फोटो, नाना तऱ्हेच्या नोंदी सरकारला हव्याच असतात. डेटाचं रिचार्ज ज्याचं त्याने करायचं. शिक्षकाने तंत्रज्ञानावर स्वतःचे पैसे घालावेत ही अपेक्षा कधीच रूढ झालेली आहे, फक्त ती प्रशासनाच्या सोयीसाठी आहे.

पैसे खाल्ले जातील, हा तिसरा आक्षेप. काही खाल्ले जातील. खोटी बिलं येतील, कुणी अनुदानातून घरचा राउटर आणेल. पण दहा हजारांत फार तर दहा हजार जातात आणि ते शेजारच्या वर्गातल्या सहकाऱ्याला दिसतात. कोटींच्या निविदेत किती जातात आणि ते कुणाला दिसतात? शिवाय फसवणूक टाळायला बिलांची थप्पी लागतेच असं नाही. वर्षातून एकदा दहा-बारा शाळांच्या शिक्षकांसमोर उभं राहून ‘मी हे आणलं, असं वापरलं, इथे जमलं, इथे नाही’ हे दाखवायला लावा. दुसऱ्या शिक्षकांना फसवणं ऑडिटरला फसवण्यापेक्षा पुष्कळ अवघड असतं.

चौथा आक्षेप मला खरा टोचतो. असं अनुदान मागतं कोण? जो आधीच हुशार आहे, ज्याला अर्ज लिहिता येतो, ज्याचं यूट्यूब चॅनेल आहे, तो. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, 2020 मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, त्याचा अभिमान सगळ्यांनाच आहे. पण त्यानंतर ‘नवोपक्रमशील शिक्षक’ ही एक जमातच तयार झाली, जिचा निम्मा उपक्रम फोटो काढण्याचा असतो. पुरस्कारांचं हे व्यसन अनुदानाला लागलं तर सगळं मुसळ केरात. म्हणून यात शाल-श्रीफळ नको, मंत्र्यांचा हात नको, ‘सर्वोत्कृष्ट’ नको. अर्ज एक पानाचा, ज्या माध्यमाची शाळा त्या भाषेत, आणि त्यात एकच मुख्य प्रश्न: तुमच्या वर्गात मुलं कुठे अडतात? बाईंनी तिथे ‘भागाकारातलं शून्य’ एवढं लिहिलं तरी पुरे.

बडोद्याच्या माणसाने असल्या वादात सयाजीराव महाराजांना आणलं की लोक गालातल्या गालात हसतात, तरी आणतो, कारण इथे ते नुसते अभिमानापुरते नाहीत. 1893 साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग, 1906 मध्ये तो सगळ्या संस्थानात, हे आपण भाषणांत सांगतो. मला त्यांच्या ग्रंथालयांचा हिशेब जास्त शिकण्यासारखा वाटतो. 1910 साली त्यांनी अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना आणलं, मांडवीचं मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं, पेट्यांतून फिरती वाचनालयं गावोगाव गेली. त्या खात्याने मॅजिक लँटर्न आणि पुढे सिनेमाही गावकऱ्यांपुढे नेला. त्या काळाचा तोच स्मार्ट बोर्ड. पण त्याच्याही आधी, 1906 च्या सुमारास, मोतीभाई अमीन नावाचा एक शिक्षक मित्रांना हाताशी धरून छोटी वाचनालयं काढत होता. राज्याने त्याला बाजूला सारून आपली योजना लादली नाही. त्यालाच ग्रंथालय खात्यात घेतलं. आणि गावाच्या वाचनालयाला पैसे देण्याची रीत अशी, की गावाने जेवढे जमवले तेवढेच प्रांत पंचायतीने द्यायचे आणि तेवढेच सरकारने. म्हणजे पहिलं पाऊल गावाचं. ज्याला हवं आहे त्याने हात वर करायचा, मग सरकार त्याच्या मागे उभं राहणार.

या रीतीत एक खोट होती हेही खरं. ज्या गावाला वर्गणी जमत नव्हती ते मागे राहत असणार. म्हणून आज शिक्षकाकडून पैशाची वर्गणी मागता येणार नाही. मागायचीच तर वेळेची मागावी, आणि त्यासाठी आधी त्याला वेळ द्यावा: मतदार यादीच्या कामातून आठवड्याचे दोन तास सुटका. ही सुटका कुठल्याही बोर्डापेक्षा महाग आहे, याची मला कल्पना आहे.

आणि शेवटी आमच्या मराठी शाळांचं. बडोद्यात नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी माध्यमाच्या शाळा अजून तग धरून आहेत. त्यांची पुस्तकं गुजरात मंडळाची, मराठीत छापलेली. महाराष्ट्रातल्या शिक्षकांनी मराठीत केलेले शेकडो व्हिडिओ आहेत, पण ते बालभारतीच्या धड्यांवरचे. इथल्या सरकारी बोर्डांतलं साहित्य मुख्यतः गुजरातीत. मधे पडलेल्या या मुलांसाठी कुठली कंपनी काय म्हणून साहित्य बनवेल? ती काही गिऱ्हाइकं नाहीत; संख्येने नगण्य आहेत. निविदेला मोठा आकडा लागतो आणि लहान भाषिक गटाला तो कधीच गाठता येत नाही. हीच गत अहमदाबाद-सुरतच्या उर्दू शाळांची आणि छोटाउदेपूरकडच्या राठवी बोलणाऱ्या पोरांची. अशा ठिकाणी साहित्य तयार होऊ शकेल ते एकाच रस्त्याने: चार शिक्षिकांनी मिळून, एक बरा माईक, एक स्टँड आणि थोडी मोकळीक घेऊन, आपल्याच मुलांच्या आवाजात धडे रेकॉर्ड करायचे. तेही इथल्या मराठीत, जिच्यात गुजराती शब्द सहज मिसळतात आणि पुण्याचा पाहुणा ऐकून भुवया उंचावतो.

समितीला हे उद्या सुरू करायचं असेल तर नवीन योजनेची वाट पाहायची गरज नाही. मराठी माध्यमाच्या शाळांपुरतं एक वर्ष करून पाहावं. शिक्षकांच्या नावावर लहान रक्कम, तीन-तीन शिक्षकांचा गट, अर्ज वाचायला डाएटचा (जिल्ह्याच्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेचा) एक माणूस आणि बाकी सगळे वर्गावरचे शिक्षक. आणि अनुदानातून घेतलेली पंधरा हजारांच्या आतली वस्तू डेडस्टॉकला न चढवता खपणाऱ्या साहित्यात, खडू-डस्टरच्या रांगेत, लिहिण्याची परवानगी. या शेवटच्या गोष्टीला तर एक रुपयाही लागत नाही. एक परिपत्रक निघालं तरी शेजारच्या वर्गातल्या बोर्डाला बाईंचा फोन जोडता येईल.